अण्णा, ते सोंग नव्हतं

अण्णा, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा चालू आहे आणि जो येतो तो तुमचं एकच कौतुक सांगतो. "आबांनी गल्लीतल्या किती लेकरांना वाचायला शिकवलं हो!" गल्लीला तुम्ही आबाच. मी मान हलवते आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. तुम्ही आतल्या खोलीत असता तर तिथूनच ओरडला असता, "शिकवलं कुणी? म्या कुणाला शिकवलं नाय. म्या निस्तं ऐकलं." आणि मग त्या माणसाला समोर बसवून शिकवणं आणि ऐकणं यांतला फरक समजावला असता, त्याचा चहा पार गार होईपर्यंत.

आता फरक सांगायला तुम्ही नाही, त्यामुळे सगळे स्वस्तात सुटतात. मीही कुणाला दुरुस्त करत नाही. एक तर दुःखाच्या घरात वाद बरा दिसत नाही. दुसरं म्हणजे हा वाद तुमचा-माझा आहे, तो मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.

तो कशावरून सुरू झाला हे तुम्हाला सांगायला नको. पण मला तो पुन्हा एकदा पहिल्यापासून आठवायचा आहे, गंगापूरपासून.

तुम्ही तिथं तहसील कचेरीत कारकून होता. बाजाराच्या मागे आपल्या दोन खोल्या होत्या आणि मी नुकतीच पहिलीत गेले होते. पोलीस ॲक्शनला तोवर बरीच वर्षं झाली होती, पण निजामाचं सगळंच काही एका दिवसात गेलं नव्हतं. तुमचं सारं शिक्षण खुलताबादला, तेव्हाच्या सरकारी शाळेत, जिला सगळे मदरसाच म्हणत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. तुमचं उर्दू अक्षर असं वळणदार, की तहसीलदारसाहेब महत्त्वाचा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत म्हणे. मग कचेरीत मराठी आली. कागदांच्या फाइलला म्हणायचे ती मिसल गेली आणि संचिका आली. आई सांगायची, तुम्ही एक दिवस घरी येऊन टोपी काढता काढता तिला विचारलं, "संचिका म्हंजे कोण गं?" आईला वाटलं, ही कुणीतरी बाईच. तिनं दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

घरात आपण मराठीच बोलायचो. पण तोंडातली मराठी वेगळी आणि कागदावरची वेगळी, हे मला त्या वयात काय कळणार? मला एवढंच माहीत, की दिवेलागण झाली, आई भाकरी थापायला बसली, की तुम्ही सतरंजी अंथरायचात आणि हाक मारायचात, "शशे, आण तुझं पुस्तक. आजचा सबक काय?"

मी पुस्तक तुमच्या मांडीवर ठेवायची. तुम्ही ते मागून उघडायचात. शेवटचं पान आधी. मी टाळ्या पिटून ओरडायची, "अण्णा, उलटं! उलटं!" तुम्ही आधी पुस्तकाकडे बघायचात, मग माझ्याकडे, आणि म्हणायचात, "व्हय की गं. तूच धर बरं." मग पुस्तक माझ्या हातात यायचं आणि धडा संपेपर्यंत तिथंच राहायचं.

मी बोट ठेवून वाचायची आणि तुम्ही माझ्या बोटाकडे डोळे लावून बसायचात. पण मी कसली वाचतेय? मी चित्र बघायची आणि ठोकून द्यायची. एका धड्यात शेळीचं चित्र होतं. आपल्या घरात तिला बकरीच म्हणत. मी खणखणीत आवाजात वाचलं, "बकरी झाडाखाली बसली." तुम्ही पुढे सरकलात, पानावर वाकलात.

"बकरी व्हय? मंग यात 'ब' कुठंय? मला तर घावंना."

मीही 'ब' शोधायला लागले. तो नव्हता. जे होतं ते एकेक अक्षर जोडत उच्चारावं लागलं. शे. ळी.

"शेळी म्हंजे?" तुम्ही विचारलं. मलाही माहीत नव्हतं. चुलीपासून आई म्हणाली, "बकरीच की ती. शाळेत गेलेली." त्यावर तुम्ही असे हसलात की कंदिलाची काच हलली, आणि मी तो शब्द जन्मात विसरले नाही.

आणि तुमचं ते "मंग?" मी दमून थांबले की तुम्ही लगेच, "मंग? काय झालं त्या शेळीचं? सांग की. ते कळल्याबिगर माझी भाकर घशाखाली उतरायची नाय." मग मला वाचावंच लागायचं. माझ्या बापाची भाकरी अडली होती.

वर्गात मी सगळ्यांच्या आधी वाचायला लागले. बाईंनी विचारलं, "घरी कोण शिकवतं गं तुला?" मी म्हटलं, "कुणी नाही. मीच अण्णांना शिकवते." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. मी घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मात्र हसला नाहीत. "खरं तेच सांगितलंस," एवढंच म्हणालात.

पुढे मी स्वतःच पहिलीची बाई झाले. तोवर आपण औरंगाबादला आलो होतो, आणि तुम्ही मराठी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढणारे, माझ्या रजेच्या अर्जातल्या ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवणारे झाला होता. असा माणूस पुस्तक उलटं धरेल? मी मनाशी ठरवूनच टाकलं, की गंगापूरला तुम्ही सोंग केलं होतं. मुलीला वाचायची गोडी लागावी म्हणून एका बापानं रोज संध्याकाळी केलेलं नाटक. मला त्याचं इतकं अप्रूप होतं, की दर वर्षी पालकसभेत मी ते सांगायची.

तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा माझा विसरलेला चष्मा द्यायला शाळेत आलात, तेव्हा नेमकी ती सभा चालू होती. तुम्ही मागच्या बाकावर बसलात. पहिलीचं बाक ते, तुमचे गुडघे पार हनुवटीला लागले होते. मी आपली रंगात आलेली. "घरी मुलांना शिकवायला बसू नका. चुकलं की चापट मारू नका. रोज थोडा वेळ त्यांच्यासमोर बसा आणि आपल्याला वाचता येत नाही असं सोंग करा. माझे वडील असंच करायचे."

एक हमालीकाम करणारे गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, आमाला खरंच येत नाय. आमी कशाला सोंग करावं?" सगळे हसले. हशा ओसरतोय तोच मागून तुमचा आवाज आला.

"बाई, सोंग न्हवतं ते."

माझ्याच वर्गात मला बाई म्हणालात! सगळ्या माना तुमच्याकडे वळल्या. माझे कान तापले. मी काहीतरी हसून वेळ मारून नेली आणि सभा गुंडाळली.

घरी जाताना रिक्षात आपली चांगलीच जुंपली. आठवतं?

"चार लोकांत खोटं कामून सांगती?"

"खोटं काय त्यात, अण्णा? सोंगच करायचात तुम्ही."

"नाय करायचो. मला येतच न्हवतं."

"पुस्तक कुठून उघडायचं हे कुणाला कळत नाही?"

तुम्ही बाहेर बघत राहिलात. पैठण गेट मागे पडलं. मग म्हणालात, "सोंग करा म्हणून लोकांला सांगू नको. लेकरं लबाडी वळखतेत. एकदा वळखली की पुस्तक मिटतेत."

"मग ज्या आईबापांना वाचता येतं त्यांनी काय करायचं?"

"गप बसायचं."

"येत असून गप बसायचं, म्हणजे तेही सोंगच झालं की!"

तुम्ही रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "भय्या, जरा आहिस्ता चलाव." तो बिचारा आधीच बैलगाडीच्या वेगानं चालला होता.

त्यानंतर कितीदा तरी मी तो विषय काढला. दिवाळीला करंज्या तळताना काढला, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत काढला, आणि आई दवाखान्यात होती तेव्हा बाकड्यावर बसून वेळ जाईना म्हणूनही काढला. तुम्ही तुमचं सोडलं नाहीत, मी माझं. आई म्हणायची, बापलेक दोघंही एकाच मातीचे, कोण कुणाला हलवणार! पण आपल्याला दोघांनाही तो वाद आवडत होता, हे आता बोलायला हरकत नाही. वाद निघाला की तुम्ही माझ्याकडे मुलगी म्हणून बघत नव्हता. आपल्या तोडीच्या माणसाकडे बघावं तसं बघायचात. ते मला फार आवडायचं.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे सिडकोत आलात आणि दारात खुर्ची टाकून बसायला लागलात. गल्लीतली पोरं जाता-येता थबकायची. तुम्ही कुणालाही हटकायचात, "काय रे, दप्तरात गोष्ट हाय का एखादी? मला सांग की वाचून." एखादं टिकायचं, एखादं पळायचं. मग वरच्या मजल्यावर मंगल राहायला आली. सोयगावकडची, नवरा वाळूजला कंपनीत, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. तिची आरू इंग्रजी शाळेत पहिलीला. आणि त्या शाळेनं मंगलला बोलावून सांगितलं, की आरू वाचनात मागे आहे, घरी रोज वाचन घ्या, जमत नसेल तर शिकवणी लावा.

मंगल आपल्या जिन्यावर बसून रडत होती. तुम्ही खुर्ची तिच्याकडे वळवलीत.

"आबा, मी सातवी शिकली, ती बी मराठीत. हे विंग्रजी मला वाचाया गेलं की जीभच अडती. आरूला मी काय सांगू?"

"येत नाय तुला? लई चांगलं झालं."

मंगल पदर डोळ्यांवरून काढून तुमच्याकडे बघतच राहिली.

"तुला येत नाय, हे आरूला माहीत हाय का?"

"माहीत हाय ना. हसती मला."

"हसू दे की. हसती तवर जवळ तर बसती."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि बोललेच. "अण्णा, इंग्रजी आहे ते. पोरगी काहीही वाचेल आणि मंगल मान हलवेल. चूक एकदा पक्की झाली की ती काढताना शिक्षकाला काय घाम फुटतो, मला विचारा." हे मी उगाच आडवं लावायचं म्हणून बोलले नव्हते. जन्मभर वर्गात पाहिलेलं बोलले होते, आणि आजही त्यात चूक आहे असं मला वाटत नाही.

मंगलला माझं पटलं. ती आरूला पुस्तक देऊन खाली पाठवायची आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत नाहीतर शेंगा सोलत बसायची, कान आत लावून. तुम्ही रोज हाक मारायचात, "मंगल, आत ये. इथं बस." आणि रोज तिचं उत्तर ठरलेलं, "नको आबा, मी आडवी येती. माझंच बोबडं तिच्या तोंडी बसायचं." मग आरू वाचायची आणि तुम्ही ऐकायचात. मला वाटायचं, झालं की मग, मुलगी वाचायला लागली, अजून काय पाहिजे?

तुमचं समाधान मात्र होत नव्हतं. एकदा जेवताना ताटावरून हात उचलून म्हणालात, "ही खुर्ची माझी नाय, शशे. मंगलची हाय. म्या किती दिवस? तिची आई तिच्यापाशी रोज हाय." मी म्हटलं, "तिला नाही जमत, तर जबरदस्ती का?" तुम्ही म्हणालात, "न जमायला काय हाय त्यात? तिला कुणीतरी सांगितलंय की आईला आलं तरच लेकराला येतं. तेवढं काढायचंय." आणि मग ते दुसरं वाक्य, ज्याचा मला राग आला. "माझ्यामागं तू बसू नको त्या जागी. तू बाई हायेस. तू शिकवशील."

"शिकवलं तर बिघडलं काय?" मी ताडकन विचारलं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. मी "बरं" म्हटलं नाही. ते तसंच राहिलं.

मग ते न्हाणीघरात पडणं, आणि त्यानंतरचे तुमचे ते धुक्यातले महिने. वार कळायचा नाही, दुपारचं जेवण झालं की नाही ते कळायचं नाही. आरूला तुम्ही "शशे" म्हणायला लागला होता. तिला काही वाटायचं नाही, ती म्हणायची, "आबांनी मला नवीन नाव दिलंय."

एका संध्याकाळी तिनं पुस्तक तुमच्या हातात दिलं. मी पलंगाच्या कडेला कपड्यांच्या घड्या करत होते. तुम्ही ते पुस्तक घेतलं आणि मागून उघडलंत.

"आबा, उलटं!" आरू खिदळली.

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही हात असा झटकन मागे घेतलात, जसा कुणी चटका बसल्यावर घेतो. तुमचे कान लाल झाले. तुम्ही आरूकडे नाही, माझ्याकडे बघितलंत, आणि अगदी हळू म्हणालात, "हाताची सवय हाय गं. उर्दूची. जात नाय."

अण्णा, त्या दिवसांत सोंग करायची ताकद तुमच्यात कुठून असणार? मी कोण आहे हेच तुम्हाला कधी आठवायचं, कधी नाही. हात आपला जे सगळ्यात आधी शिकला होता, पुस्तक उजवीकडून उघडणं, ते करून गेला. म्हणजे गंगापूरलाही तेच होतं. दिवसभर कचेरीत नव्या अक्षरांपुढे अडखळायचं, ज्याच्या वळणदार अक्षराची वाहवा व्हायची त्यानं हाताखालच्या पोरांकडून कागद वाचून घ्यायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन पहिलीतल्या पोरीचं पुस्तक मांडीवर घ्यायचं. तिनं टाळ्या पिटून सांगायचं, की तुम्हाला एवढंही येत नाही. मी आनंदानं ओरडायची आणि तुमचे कान तेव्हाही असेच लाल होत असतील. कंदिलाच्या उजेडात ते मला दिसले नाहीत.

मी जन्मभर लोकांना एका हुशार बापाची गोष्ट सांगत आले. माझा बाप तर लाजत होता, आणि लाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी अंथरत होता. 'ब' त्याला खरोखरच सापडत नव्हता. शेळीचं पुढे काय झालं ते त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. नाटकाचं जेवढं कौतुक होतं, त्याच्या कितीतरी पट मला आता या खरेपणाचं आहे. हे त्या संध्याकाळी तुमचा हात धरून सांगता आलं असतं. तुम्ही कुशीवर वळलात, आणि मी तुमच्या बंडीची एकच घडी पुन्हा पुन्हा घालत बसले. आता सांगते. ऐकायची सवय तुम्हाला आहेच.

पण म्हणून सगळा वाद तुम्ही जिंकलात असं समजू नका. तुम्हाला येत नव्हतं, मान्य. मंगलला येत नाही, मान्य. ज्याला येतं त्यानं गप बसायचं, ते सोंग नाही तर काय, हा माझा सवाल तसाच उभा होता. तुम्ही एका दुपारी जेवून पडलात आणि उठलाच नाहीत, उत्तर न देता.

तेराव्याला पाहुणे पांगले आणि दोनेक दिवसांनी संध्याकाळी मंगल आली. आरूच्या हातात पुस्तक होतं. मंगल दाराच्या बाहेरच उभी.

"ताई, आता तुमीच बघा आरूचं. तुमी तर बाई हायेत. आबापेक्षा चांगलं शिकवताल."

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं. तुम्ही नसलेलं घर संध्याकाळी खायला उठतं. त्यात एक मूल रोज येणार, पुस्तक उघडणार, आणि जे काम मला नीट येतं ते मी करणार. मी चष्मासुद्धा डोळ्यांवर चढवला होता. आणि मला तुमचा राग आला, पुन्हा एकदा, की जाता जाता माझ्यावर हे कुठलं ओझं टाकून गेलात.

"मंगल, चप्पल काढ. आत ये."

"मी?"

"तूच. अण्णांच्या या खुर्चीवर बस."

"ताई, मला ते–"

"येत नाही. माहीत आहे मला. बस."

ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, केव्हाही उठून पळता येईल अशी. आरूनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि वाचायला लागली. मी पलीकडे पलंगावर बसले. तिथून पान दिसत होतं.

"द डॉग रॅन टू द वेल," आरूनं वाचलं. मग, "द डॉग वॉज अ कॅट."

तिथं 'वॉज' नव्हतं, 'सॉ' होतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला. पहिलीच्या वर्गावर केस पांढरे केलेल्या बाईला असा शब्द गिळणं किती जड जातं, ते सांगून कळायचं नाही. मी पदराचं टोक मुठीत धरलं.

मंगल मान हलवून पुढे जाईल, हीच मला भीती होती. पण तिनं विचारलं, "म्हंजे काय झालं गं? मला सांग की."

"कुत्रा विहिरीकडे पळाला. कुत्रा मांजर होता."

"कुत्रा मांजर व्हता?" मंगलच्या कपाळाला आठी पडली. ती परीक्षा घेत नव्हती. तिला खरंच कळेना. "असं कसं? आत्ता तर कुत्रा म्हणली. मंग विहिरीकडं पळालं कोण?"

आरूनं पानावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून बसली. आणि तिथं बसल्या बसल्या मला उमगलं, अण्णा. शब्द मला माहीत होता. पण हे लेकरू तो शोधेल का, आत्ता त्या बोटाखाली त्याला काय दिसतंय, हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी श्वास धरून बघत होते, जसे तुम्ही त्या शेळीसाठी बघायचात. येत असून गप बसलेल्या माणसालाही न कळलेलं एवढं मोठं काहीतरी शिल्लक असतं, त्याला सोंग करायची गरजच नाही. हे तुम्हाला त्या रिक्षात सुचलं नाही, आणि मला इतकी वर्षं.

"सॉ!" आरू एकदम ओरडली. "वॉज नाही, सॉ! आई, कुत्र्यानं मांजर पाहिलं!"

"हां, तसं म्हण की! मंग? धरलं का त्यानं?"

"थांब ना, मला वाचू दे."

मंगल खुर्चीत मागे सरकून बसली. गोष्ट संपेपर्यंत तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. मधे एक-दोन उच्चार चुकले, ते अर्थाला धक्का न लावता तसेच निघून गेले. इकडे माझी जीभ वळवळली, पण म्हटलं, त्यासाठी शाळा आहे.

निघताना मंगल म्हणाली, "ताई, उद्या याच टायमाला येऊ ना?"

माझ्या ओठांवर "ये" आलं होतं. "इथं कशाला?" मी म्हटलं. "तुमच्या घरी बसा दोघी."

"आन् चुकली तर?"

"तुला गोष्ट कळली नाही की विचार तिला. कळेपर्यंत विचार."

तिनं उंबऱ्यात चप्पल पायात सरकवली. "एवढं तर मला जमंल," म्हणाली. आरू तिचा हात ओढत तिला वर घेऊन गेली. पुढची गोष्ट सिंहाची आहे, असं काहीतरी ती जिन्यात सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी सवयीनं दार उघडं ठेवलं. चहा टाकला, प्यायले, कप विसळून ठेवला. मला लई बरं वाटत होतं आणि लई वाईट वाटत होतं. कोणी आलं नाही, अण्णा.